सीटबेल्ट, टोलनाक्यापुरता!

एक्स्प्रेसवेवर खालापूरचा टोलनाका दिसायला लागला की गाडीतले सगळे एकदम शहाणे होतात. खटाखट सीटबेल्ट लागतात. नाका मागे पडला की पट्टा गायब! पुढे बोरघाट आहे आणि पट्ट्याची खरी गरज तिथेच आहे, हे कोणाच्या गावीही नसतं.

ऑफिसातल्या कम्प्युटर्सचंही अगदी असंच चाललेलं असतं, बॉस!

मी कर्जतची. माझा आतेभाऊ खालापूरजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. ऑडिटर येणार म्हटलं की त्यांच्याकडे दिवाळीची साफसफाई सुरू होते. मॉनिटरवर पासवर्ड लिहून चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या निघतात, अँटिव्हायरस रिन्यू होतो, रजिस्टरवर मागच्या सहा महिन्यांच्या सह्या एका दुपारी होतात. ऑडिटर चहा पिऊन गेला की चिठ्ठ्या परत जागेवर.

‘‘मग दादा, आता सेफ ना तुम्ही?’’ मी विचारलं.

‘‘अगं, पास झालो ना! आणि खालापूरला कोण येतंय हॅक करायला?’’

पास आणि सेफ. आपल्याला हे दोन शब्द एकच वाटतात, गोची तिथेच आहे. आणि ‘आपल्याकडे कोण येतंय’चं उत्तर तर आपल्याच रायगड जिल्ह्यात मिळालेलं आहे.

27 जून 2017. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कम्प्युटर्स बंद पडले. कंटेनर समोर उभे, पण कुठला कोणाचा हे सांगणारी सिस्टीमच गायब. हाताने काम रेटायचा प्रयत्न झाला, पण एवढं मोठं टर्मिनल वही-पेनावर किती चालणार? खोपोली-खालापूर पट्ट्यातला माल याच बंदराच्या वाटेने परदेशी जातो, म्हणजे दुखणं थेट आपल्या दारात!

गंमत म्हणजे, या टर्मिनलवर कोणाचा डोळाच नव्हता. ‘नॉटपेट्या’ नावाचा हा व्हायरस सोडला होता युक्रेनवर. तिथल्या कंपन्या टॅक्सच्या कामासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरायच्या. त्याच्याच अपडेटमधून तो आत शिरला. म्हणजे सरकारी नियम पाळायला घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून! मर्स्क या बलाढ्य डॅनिश शिपिंग कंपनीचं युक्रेनमध्येही ऑफिस होतं आणि आपलं टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्कच्याच ग्रुपमधली. झालं!

बरं, धोका माहीत नव्हता असंही नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या त्या भोकाचा पॅच मार्च 2017 मध्येच दिला होता. मेमध्ये ‘वॉनाक्राय’ने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला. तरी जूनमध्ये हे घडलं. शिवाय नॉटपेट्या एका मशीनमधला अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून शेजारच्या मशीनमध्ये घुसायचा. त्यामुळे एक मशीन पॅच केलं आणि बाकीची राहिली, तर पॅच केलेलंही गेलंच.

मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज सांगितला 20 ते 30 कोटी डॉलर. नेटवर्कची चावी असलेले त्यांचे मुख्य सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. वाचला तो फक्त घानामधला एक. का? तर तेव्हा तिथे लाइट गेली होती! आपल्या कर्जतला पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा आपण शिव्या घालतो. इथे लाइट गेली म्हणून कंपनी उभी राहिली. पण नशीब म्हणजे प्लॅनिंग नव्हे.

यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. ‘वायर्ड’ मासिकात अँडी ग्रीनबर्ग यांनी 2018 मध्ये लिहिलं की, मर्स्कमध्ये सिक्युरिटी सुधारायचा प्रोजेक्ट आधीच मंजूर झाला होता. बजेटही होतं! पण वरिष्ठ आयटीवाल्यांच्या केपीआयमध्ये तो नव्हता, बोनसशी त्याचा संबंध नव्हता. मग राहून गेला. ओळखीचं वाटतंय ना? अप्रेजलच्या फॉर्ममध्ये जे नाही, ते ऑफिसात घडत नाही.

आपल्याकडेही नियम आहेत. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा आणि सिस्टीमचे लॉग 180 दिवस जपायचे. नियम चांगलाच आहे. पण लॉग नुसते साठवले आणि उघडून कोणी बघितलेच नाहीत, तर हल्ला ‘लक्षात’ येणार कधी? सहा तास मोजायचे कुठून?

दादाच्या कारखान्यात आगीची मॉक ड्रिल होते. भोंगा वाजतो, सगळे खरोखर बाहेर पळतात, कोणीतरी घड्याळ लावून मिनिटं मोजतं. तिथे कोणी म्हणत नाही की, ‘फायर एक्स्टिंग्विशर आहे’वर टिक केली, संपलं. मग कम्प्युटरची ड्रिल का नको? सर्व्हर गेला असं समजायचं आणि बघायचं, किती वेळात पुन्हा काम सुरू होतं ते.

हे मी दादाच्या डोक्यात इतके दिवस भरवलं की वैतागून एका शनिवारी त्याने आयटीवाल्या पोराला बसवून जुना बॅकअप उघडायला लावला. अकाउंट्स होतं, पगारपत्रकं होती. डिस्पॅचचं फोल्डर? नव्हतंच! तीन वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला, तेव्हा ते बॅकअपच्या यादीत कोणी घातलंच नव्हतं.

चेकलिस्टवर मात्र ‘बॅकअप घेतला जातो का?’ या प्रश्नापुढे दरवर्षी टिक. खोटी नव्हती हो ती. बॅकअप रोज रात्री घेतला जातच होता. कशाचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्या ऑफिसात विचारलंय?