गोळीचे दुसरे नाव

मराठवाड्यातल्या आपल्या घरांत डॉक्टरांच्या खालोखाल मान कॉलेजात जाणाऱ्या पोराचा. अम्मीला उर्दू वाचता येते, अब्बांचा चष्मा सापडत नाही, म्हणून गोळ्यांचे पाकीट त्याच्या हातात जाते. "बेटा, देख तो, ये बुखार की है क्या?" तो मान हलवतो आणि गोळी पोटात जाते.

आमचा मुलगा नांदेडला विष्णुपुरीत एम.कॉम. करतो, मुलगी लातूरला बी.एस्सी.ला आहे. विद्यापीठ दोघांचे एकच, स्वामी रामानंद तीर्थ. सुट्टीत त्यांचे मित्र-मैत्रिणी जेवायला आले, तेव्हा आम्ही दोघांनी औषधांचा डबाच पुढे ठेवला. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो यांत फरक काय? एकजण म्हणाला, "क्रोसिन डोकेदुखीची, डोलो तापाची." दुसरी म्हणाली, "डोलो स्ट्राँग असते." पाकिटे उलटून पाहिली तर तिन्हींवर दुसरे नाव एकच होते, पॅरासिटामॉल. फरक ५०० की ६५० मिलिग्रॅम, एवढाच.

मुले हसली. पण निरोगी प्रौढानेही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घ्यायचे नसते आणि दोन गोळ्यांमध्ये चार ते सहा तास जावे लागतात. तापाला डोलो, अंगदुखीला कॉम्बिफ्लाम, वर सर्दीची आणखी एक गोळी घेतली, की तेच औषध तीन वाटांनी पोटात जाऊ शकते. जास्त झाले तर भोगते यकृत, आणि तेही लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी नुसती मळमळ, कधी तीही नाही.

आम्हाला जास्त काळजी दादीची. तिला बीपी आहे, साखर आहे. गुडघे दुखले की नातू प्रेमाने मेडिकलमधून गोळी आणतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बीपी वाढवू शकतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. रोज्यात पोट रिकामे आणि अंगातले पाणी कमी, तेव्हा तर जास्तच. तरी सहरीला 'दिवस निभावा' म्हणून दोन गोळ्या एकदम घेणारे आमच्या मोहल्ल्यात आहेत. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे हे सर्वांना ठाऊक असते. औषधांच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात, हे मात्र सुचत नाही.

लातूरच्या होस्टेलची तऱ्हा वेगळी. परीक्षा तोंडावर आली की आजारी पडायला कुणाला वेळ नसतो. सर्दी झाली की अझिथ्रोमायसीन! दोन गोळ्यांत बरे वाटले तर तिसरी मैत्रिणीला. साधी सर्दी विषाणूंची असते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. उलट जंतू निगरगट्ट होतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. सरकारने २०१६ साली यासाठी मोहीमही काढली होती. जेवायला आलेल्यांत ही रेघ एकीलाच माहीत होती, आणि ती सायन्सची नव्हे, इतिहासाची विद्यार्थिनी! तिच्या मामांचे मेडिकल आहे.

त्यानंतर मुलाने दादीची सगळी पाकिटे पिशवीत भरली आणि तिला घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी एकेक पाकीट उलटून पाहिले आणि एक बाजूला काढून ठेवले. दोन ठिकाणी दाखवले होते, दोन चिठ्ठ्या होत्या. बीपीची एकच गोळी दोन नावांनी चालू होती.