मे महिन्यातली थंडी

वर्ध्याचा मे महिना विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा मे महिन्यात मी माझी खाट कूलरसमोरून काढून कोपऱ्यात नेली होती आणि रात्री चादर ओढून झोपत होते. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काहून वं, ताप आला का तुले?" ताप नव्हता. अंग उलट गार लागत होतं.

त्याआधीचं जवळजवळ वर्ष थकव्यातच गेलं होतं. सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. तिसऱ्या वर्गाचे पाढे घेता घेता खुर्चीवर बसावं लागायचं. आवाज घोगरा झाला होता, केस मूठभर निघत होते, पोट साफ होत नव्हतं, मुलांची नावं ऐन वेळी आठवत नव्हती. पाळी लांबायची आणि अंगावरून फार जायचं. जेवण निम्म्यावर आलं तरी वजन वाढत होतं. जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि सगळ्यांचं समाधान झालं.

आपल्याकडे बायांचं नुकसान नेमकं इथे होतं. रक्त खरंच कमी असतं, म्हणून तपास तिथेच थांबतो. रक्त का कमी झालं, हे कोणी विचारत नाही. थायरॉईड मंदावलं की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो आणि त्यातून हिमोग्लोबिन उतरतं. मूळ दुखणं गळ्यात आणि उपचार भलतीकडेच, असं माझं चाललं होतं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेले तेव्हा ओपीडीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी माझा हात हातात घेतला. गार, कोरडा. मग मागे उभ्या राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला आणि पाण्याचा घोट गिळायला लावला. खुर्चीवर गुडघे टेकवून टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण जागेवर यायला वेळ लावत होतं. "ताई, रक्त तपासू, पण मला अंदाज आलाय," त्या म्हणाल्या.

टीएसएच साधारण चारच्या आत हवं. माझं चाळीसच्या वर होतं. आकडा जास्त म्हणजे थायरॉईड जास्त काम करतंय, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात उलट असतं. टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की, पोरं ऐकेनाशी झाल्यावर बाईंचा आवाज चढावा तसं ते चढत जातं. माझ्या शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटली होती. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. पुरुषांपेक्षा बायांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो.

घरी पहिला प्रश्न निघाला तो मिठाचा. गलगंड आणि आयोडीन एवढंच आमच्या पिढीने शाळेत वाचलेलं. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा आली. मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी ज्या सेवाग्रामात राहिले, तिथल्याच डॉक्टरीणबाईंकडून मी हे ऐकलं. आयोडीनचं मीठ प्रत्येक घरात हवंच. पण माझा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नव्हता, त्यामुळे मीठ वाढवून तो बरा होणार नव्हता.

त्याला लागते रोजची एक छोटी गोळी, लिव्होथायरॉक्सिनची. शरीरात जे बनत नाही तेच बाहेरून द्यायचं. १८९१ मध्ये इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला यातून उठवलं, आणि ती पुढे २८ वर्षं जगली. आपल्याला गोळी आयती मिळते, तीही स्वस्तात.

तरी दीड-दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा टीएसएच फारसं उतरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला नाही. "गोळी घेता कशी, ते सांगा," म्हणाल्या. मी सकाळी थायरॉईडची आणि लोहाची गोळी एकत्रच घेत होते, वरून लगेच चहा. लोह आणि कॅल्शियम ही गोळी अंगाला लागू देत नाहीत. दोहोंत चार तासांचं अंतर हवं. उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत गोळी, आणि मग निदान अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. आमच्या भागात सोयाबीन घरचंच, त्याच्या वड्या, पीठ सगळं खाण्यात. तेही गोळीच्या वेळेपासून दूर ठेवायचं. आणि उन्हाळ्यात बाटली खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवायची नाही, उष्णतेने औषध कमजोर होतं. ही माहिती औषधाइतकीच मोलाची आहे, आणि चिठ्ठीवर ती क्वचितच लिहिलेली असते. दिवाळीपर्यंत मी पूर्ण वेळ उभी राहून शिकवू लागले. वजन मात्र थोडंच उतरलं. सगळं वजन थायरॉईडचं नसतं.

आर्वीच्या मावशीचं उलटं निघालं. खाणं भरपूर तरी अंग वाळत चाललेलं, हात थरथरायचे, छाती धडधडायची, घाम थांबत नव्हता. तिची ग्रंथी अतिरेकी काम करत होती. त्याला वेगळ्या गोळ्या असतात. काहींना किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया लागते.

सर्वांत जास्त काळजी मला धाकट्या जावेची वाटली. तिलाही माझ्यासारखाच आजार, आणि दिवस गेल्यावर कोणाच्या तरी सांगण्यावरून ती गोळी बंद करायला निघाली होती. पहिले जवळजवळ तीन महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं. त्याच्या मेंदूची घडण त्यावर होते. गरोदरपणात गोळी बंद करायची नसते, बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. मी तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. बाळ जन्मल्यावर त्याचीही तपासणी करून घेतली, कारण बाळाला जन्मतः थायरॉईड कमी असण्याचा दोष असला आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर मतिमंदत्व टळतं.

शेतात कापूस वेचणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या माझ्या बहिणींनो, महिनोन्‌महिने थकवा जात नसेल तर हिमोग्लोबिनसोबत टीएसएचही तपासायला सांगा. आणि गोळी सुरू झाली असेल तर बरं वाटलं म्हणून ती मनाने सोडू नका.