बाबांचं व्हिटॅमिन डी

मार्चमध्ये बाबांना स्ट्रोक आला. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, शब्द अडखळायला लागले. वेळेत पोचलो म्हणून थोडक्यात निभावलं. पण हॉस्पिटलातले ते चार दिवस मी काय केलं, तर फाईल वाचली. सॉफ्टवेअरवाला माणूस, लाल आकडा दिसला की तोच बग! व्हिटॅमिन डी फक्त ९. रिपोर्टवर छापलेलं, ३० च्या वर हवं. सापडला गुन्हेगार.

रात्री कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून मोबाईलवर वाचत सुटलो. रक्तात डी कमी असलेल्यांना स्ट्रोक जास्त येतो, असं सांगणारे अभ्यास खरंच ढिगानं आहेत. स्वतःचाच भयंकर राग आला. आठवड्याला एक ६०,००० युनिटची पुडी दुधातून दिली असती तर...

तिसऱ्या रात्री डोकं जरा ठिकाणावर आलं. सर्व्हर झोपला की आम्ही विचारतो तेच विचारलं: हे कारण आहे, की कारणाबरोबर नुसतं दिसतंय? ज्याचं वजन जास्त, जो आजारी, ज्याला फार चालवत नाही, तो उन्हात जाणार कधी? त्याचं डी कमी असणारच. आणि स्ट्रोकचा धोकाही त्यालाच जास्त.

मग डी देऊन बघायचं. तेही झालंय. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते. निम्म्यांना रोज २००० युनिट, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, साधारण पाच वर्षं. निकाल २०१८ मध्ये आला: हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक, कशातच म्हणावा असा फरक नाही. ऑस्ट्रेलियात २१ हजारांवर ज्येष्ठांपैकी निम्म्यांना महिन्याला ६०,००० युनिट दिले (हो, आपल्या पुडीएवढेच). त्याचे आकडे २०२३ चे. स्ट्रोक तेवढेच. आता या मंडळींपैकी बहुतेकांचं डी बाबांइतकं तळाला गेलेलं नव्हतं, हेही खरं. डॉक्टरांनी पुडी लिहून दिलीच, पण हाडांसाठी.

आणि जाता जाता विचारलं, "बीपीची गोळी चालू होती ना?"

बाबा छताकडे बघायला लागले. आई म्हणाली, "दिवाळीपासून बंद केलीये. बरं वाटतंय म्हणे."

अ‍ॅडमिट करताना बीपी १९०/११० होतं. त्याच फाईलमध्ये, पहिल्याच पानावर. पेनाने लिहिलेलं, लाल नव्हतं, म्हणून मी पान उलटून पुढे गेलो होतो. ३२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासात स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण बीपीच निघालं होतं, २०१६ मध्ये. दर रविवारी फोनवर मी बाबांशी मॅचबद्दल बोलायचो. गोळी घेताय का, हे एकदाही विचारलं नाही.

असो. आता घरी बीपीचं मशीन आहे, आणि अर्थातच माझी एक्सेल शीट. बाबा पुडी आठवणीने मागून घेतात, दुधात छान लागते म्हणे. बीपीची गोळी मात्र अजून आईच हातावर ठेवते, आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.