अपग्रेडनंतरचा कस्टम फॉर्म

आउटलुकचा कस्टम फॉर्म अपग्रेडनंतर बिघडतो, तेव्हा फॉर्मला सहसा कुणी हातही लावलेला नसतो. पाने तीच, फील्ड तीच, कोडही तोच. बदललेले असते ते त्याच्याभोवतीचे सगळे. प्रत्येक आयटमवर मेसेज क्लासचे नाव असते, उदाहरणार्थ आयपीएम.नोट.रजा. त्या नावाचा फॉर्म आउटलुकला शोधावा लागतो, सापडलेली प्रत ताजी आहे का हे पाहावे लागते आणि तिच्यातला कोड चालू द्यायचा की नाही हे ठरवावे लागते. नव्या आवृत्तीत या तीन ठिकाणांपैकी कुठे काय हलले हे कळले, की निम्मे काम झाले.

शोध फसला तर आउटलुक निदान बोलते. कस्टम फॉर्म उघडता आला नाही, त्याऐवजी आउटलुकचा स्वतःचा फॉर्म वापरला जाईल, असा निरोप येतो आणि त्याखाली वस्तू सापडली नाही अशी एक ओळ असते. ती खालची ओळच खरी कामाची, पण वापरणारे फोनवर नेमकी तीच वाचून दाखवत नाहीत. अनुभवी माणूस म्हणूनच आधी स्क्रीनचा फोटो मागतो.

सर्व्हर बदलल्यावर असा निरोप सगळ्यांनाच एकदम येऊ लागला, तर ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररी मागेच राहिली असे समजावे. ही लायब्ररी एक्स्चेंजच्या पब्लिक फोल्डरांतल्या ‘ईफॉर्म्स रजिस्ट्री’ या दडलेल्या फोल्डरात असते. एक्स्चेंज २००७ पासून पब्लिक फोल्डर न ठेवताही सर्व्हर उभा करता येऊ लागला. तेव्हापासून स्थलांतर करणाऱ्यांच्या यादीतून हा फोल्डर गळू लागला, कारण मेलबॉक्स मोजताना तो कुठेच दिसत नाही. तो पॉवरशेलने नव्याने तयार करता येतो, पण त्याला भाषेची ओळखही द्यावी लागते. ती राहिली किंवा चुकली, तर फोल्डर असूनही आउटलुकच्या यादीत लायब्ररी दिसत नाही.

खरी डोकेदुखी एकाच माणसाची तक्रार आली की सुरू होते. शेजारच्या मशीनवर फॉर्म नीट उघडतो, याच्याकडे मात्र जुनाच येतो किंवा अजिबात येत नाही. इथे संशय कॅशवर. एकदा उघडलेल्या फॉर्मची प्रत आउटलुक वापरणाऱ्याच्या विंडोज प्रोफाइलमधल्या ‘फॉर्म्स’ फोल्डरात ठेवते आणि त्या प्रतींचा हिशेब एफआरएमकॅश नावाच्या डॅट फाइलमध्ये असतो. ती फाइल बिघडली की प्रकाशित केलेला फॉर्म कितीही निर्दोष असला तरी उपयोग नसतो. मॅनेज फॉर्म्सच्या खिडकीतून कॅश रिकामी करता येते, आउटलुक बंद करून फाइल काढून टाकता येते, आणि रजिस्ट्रीत फोर्सफॉर्मरीलोड ही नोंद घातली तर चूक आढळल्यावर आउटलुक स्वतःच कॅश साफ करून फॉर्म पुन्हा आणते.

हे सगळे उपाय चालतात आणि तरी प्रश्न सुटत नाही. चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा तीच तक्रार घेऊन येतो. कॅश का बिघडते, हा या धंद्यातला सगळ्यात चिवट प्रश्न आहे. एकाच मेसेज क्लासचा फॉर्म दोन जागी प्रकाशित असणे, हे त्याचे सर्वात जास्त वेळा सापडणारे कारण. एक प्रत ऑर्गनायझेशनल लायब्ररीत असते आणि दुसरी, कुणीतरी कधीकाळी चाचणीसाठी टाकलेली, पर्सनल लायब्ररीत किंवा फोल्डरात. ही दुसरी प्रत वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. अपग्रेडमध्ये नवे प्रोफाइल बनते, कॅश रिकामी होते, शोध नव्याने सुरू होतो आणि ऑर्गनायझेशनल लायब्ररीच्या आधी ती विसरलेली प्रत सापडते. म्हणून कॅश पुसण्याआधी सगळ्या लायब्रऱ्यांतून दुसरी प्रत हुडकणे हाच खरा इलाज. जी प्रत उघडली आहे ती कोणती, हे ओळखण्यासाठी फॉर्मच्या प्रॉपर्टीज पानावर आवृत्तीचा रकाना आहे. प्रकाशित करताना तो प्रत्येक वेळी बदलावा. बहुतेक जण तो कोराच ठेवतात आणि मग दोन हुबेहूब प्रतींमध्ये फरक शोधत बसतात.

प्रोफाइल उडवून नवे करून देणाऱ्यांची एक मोठी जमात आहे. त्यांचे काम पटकन होते आणि तक्रार तात्पुरती बंदही होते, पण बिघाड कुठे होता हे त्यांनाही कळत नाही आणि पुढच्यालाही कळू देत नाहीत. पुरावा पुसणाऱ्या दुरुस्तीला दुरुस्ती म्हणू नये. स्यू मोशर यांच्यासारख्या लेखकांनी आउटलुकच्या प्रोग्रॅमिंगवर जाडजूड पुस्तके लिहिली, ती वाचून माणसे घडली. आता ती पुस्तके उघडायच्या आधी नवे प्रोफाइल बनलेले असते.

कॅशहून अवघड प्रकार म्हणजे फॉर्म उघडतो, दिसतो अगदी बरोबर, आणि काहीच करत नाही. बटण दाबले तरी हालचाल नाही, पाठवताना होणारी तपासणी होत नाही, निरोपही नाही. कोड चुकला असता तर ओळीचा क्रमांक तरी आला असता. कोड चालूच दिला नसेल, तर आउटलुक गप्प राहते. म्हणून फॉर्म उघडताच चालणाऱ्या आयटम_ओपनच्या पहिल्याच ओळीत एक मेसेज बॉक्स टाकून पाहायचा. तो आला नाही तर पुढचा कोड वाचण्यात वेळ घालवू नये.

या गप्प राहण्याला इतिहास आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणू व्हीबीस्क्रिप्टच्या जोडपत्रातून जगभर पसरला आणि त्यानंतर आलेल्या सुरक्षा अपडेटने पत्ते वाचणाऱ्या किंवा मेल पाठवणाऱ्या कोडवर पहारा बसवला. आयटममध्येच गुंडाळून पाठवलेल्या फॉर्मवरचा भरवसाही संपला. ‘फॉर्मची व्याख्या आयटमसोबत पाठवा’ या चौकोनावर खूण राहिली, तर कोडला मुकावे लागते. मोठा तडाखा २०१७ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये सेन्सपोस्ट या सुरक्षा संस्थेने, चोरलेल्या पासवर्डने कुणाच्याही मेलबॉक्समध्ये कस्टम फॉर्म पेरून त्याच्या मशीनवर कोड कसा चालवता येतो, हे दाखवून दिले. १२ सप्टेंबर २०१७ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातूनच बंद ठेवली.

ती परत सुरू करायला दोन नोंदी लागतात. एक मशीनच्या पातळीवर बंदी उठवणारी, दुसरी वापरणाऱ्याच्या रजिस्ट्रीत, भरवशाच्या मेसेज क्लासची नावे देणारी. दोन्ही आउटलुकच्या आवृत्तीक्रमांकाच्या कप्प्यात असतात. २०१३ चा कप्पा १५.० आणि २०१६ पासून पुढचा १६.०, म्हणून २०१३ वरून पुढे गेलेल्यांच्या नोंदी जुन्या कप्प्यात जागच्या जागी असतात, पण त्या कुणी वाचत नाही. दुसरी फट बिटांची. ६४ बिट विंडोजवरच्या ३२ बिट ऑफिसची मशीन पातळीवरची नोंद वाउ६४३२नोड या वेगळ्या फांदीत जाते. ऑफिस २०१९ पासून ऑफिस न विचारताच ६४ बिट बसू लागले आणि त्या फांदीतली नोंद निरुपयोगी झाली. ३२ बिटांची ॲक्टिव्हएक्स कंट्रोल्सही त्याच फेऱ्यात गेली. तारीख निवडायचा चौकोन रिकामा दिसला तर आधी बिट तपासावेत.

बाकीचे बिघाड सोपे. आउटलुक २००७ मध्ये वर्ड हाच एकमेव संपादक झाला, त्यामुळे जुन्या एचटीएमएल संपादकाला हात घालणाऱ्या कोडच्या हाती काहीच येत नाही. पाठवणाऱ्याला भरलेली आणि घेणाऱ्याला कोरी दिसणारी फील्ड ही बहुधा वेगळ्या वाचन-पानाची करामत असते. बाहेरच्या संस्थेला पाठवलेला फॉर्म साधा मेल होऊन पोहोचला, तर फॉर्मची माहिती वाहून नेणाऱ्या टीएनईएफ या स्वरूपाची रिमोट डोमेनवरची सेटिंग पाहावी. सर्व्हर बदलताना ती मूळ अवस्थेला जाऊ शकते.

या कामात हाताला एक गर्व चिकटतो, आणि तो कबूल करायला हवा. निरोपाची एक ओळ ऐकून कोड न उघडता दोष सांगता येणे, यात फार सुख असते. ‘हे सगळे पॉवर ॲप्सवर न्या’ असे सुचवणाऱ्या सल्लागारांवर जुन्या फॉर्मवाल्यांचा राग असतो. सल्लागारांचा मुद्दा पुष्कळदा बरोबरही असतो. फॉर्म वाचवण्याच्या आग्रहात रजेचा अर्ज भरणाऱ्याची सोय कमी आणि तो बांधणाऱ्याचा मान जास्त, असे अनेकदा दिसते. तरी राग पूर्णपणे खोटा नाही. ज्या फॉर्मने वीस वर्षे ऑफलाइनसुद्धा काम दिले, त्याच्या बदल्यात येणारे वेबपान नेटवर्क गेले की उघडतही नाही.

पण हा वाद आता वेळेनेच मिटवत आणला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने, फॉर्ममधला कोड ज्या भाषेत असतो ती व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर केले. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ती वेगळे, पण चालू असलेले अंग झाली. २०२७ च्या सुमारास ती मुळातच बंद असेल आणि त्यानंतर काढून टाकली जाईल. नवे आउटलुक तर कस्टम फॉर्म ओळखतच नाही. जुने, ज्याला आता क्लासिक म्हणतात, किमान २०२९ पर्यंत राहणार आहे.

तोपर्यंत शेवटची दुरुस्ती म्हणजे फॉर्म नीट निवृत्त करणे. जुन्या आयटमांचा मेसेज क्लास मॅक्रोने परत आयपीएम.नोट करावा, म्हणजे ते साध्या फॉर्मने, निरोपाशिवाय उघडतात. नुसता फॉर्म लायब्ररीतून काढला आणि आयटम तसेच ठेवले, तर प्रत्येक आयटम आपला हरवलेला फॉर्म शोधत राहतो. कस्टम फील्डमधली माहिती क्लास बदलल्यावरही आयटममध्येच राहते, फक्त दिसत नाही. आउटलुकचा निर्यात विझार्ड ती उचलत नाही. फोल्डरच्या तक्त्यात ती फील्ड स्तंभ म्हणून आणून तक्ता एक्सेलमध्ये चिकटवावा, किंवा आयटमागणिक फील्ड वाचणारा छोटा मॅक्रो लिहावा. हे क्लासिक आउटलुक असेपर्यंतच करून घ्यावे, कारण नव्या आउटलुकमध्ये मॅक्रोही चालत नाहीत.