छपराची गाडी

मनुष्य पन्नाशी ओलांडून पुढें गेला, म्हणजे त्याच्या प्रकृतीवर घरांतल्या सर्वांची मालकी सुरू होते. गेल्या माघांत मला पंधरा दिवस खोकला झाला, छातींत कफ सांठला, आणि तेव्हांपासून माझी स्कूटर हा आमच्या घरांतला वादाचा विषय होऊन बसला आहे. मी राहतों आटपाडीस. माझें कॉलेज भिवघाटापलीकडे. पहिला तास साडेसातला. एस्.टी.ची वेळ आणि माझ्या तासाची वेळ यांचें गोत्र जुळत नाहीं. मोटार चालविण्याची कला मला अवगत नाहीं, आणि छप्पन्नाव्या वर्षीं ती शिकून इतरांच्या जिवाशीं खेळावें, असेंही मला वाटत नाहीं. तेव्हां हिवाळा असो कीं उन्हाळा, पहांटेच्या अंधारांत मी स्कूटर बाहेर काढतों.

माणदेश म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें ऊन, धूळ आणि कोरडी विहीर उभी राहते. पण ज्या उघड्या माळावर दुपारीं ऊन भाजतें, त्याच माळावर पौषांतल्या पहांटे वारा अंग कापीत जातो. त्यांत गाडीच्या वेगाची भर. हवेचें मान दहा अंश असलें, तर ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला तें सहा अंशांसारखें बोंचतें. रस्त्याच्या कडेनें मेंढरें घेऊन चाललेला धनगर मात्र घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन निवांत असतो. त्याचें छप्पर त्याच्याबरोबर चालत असतें. त्याच्याकडे पाहिलें, कीं स्वेटर, मफलर आणि हातमोजे घालूनही कुडकुडणाऱ्या मला आपल्या पदवीची थोडी लाज वाटते.

उपाय पुण्याहून चिरंजीवांनीं सुचविला : "बाबा, छपराची स्कूटर घ्या." सौभाग्यवतींनीं ती सूचना तत्काळ मंजूर केली.

प्राध्यापकाला एखादी वस्तु विकत घ्यावयाची असली, म्हणजे तो दुकानांत न जातां प्रथम वाचीत बसतो. मींही तेंच केलें. आणि वाचतां वाचतां माझ्या असें ध्यानांत आलें, कीं आडोशाची कल्पना स्कूटरच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे. इटलींत १९४६ सालीं व्हेस्पा निघाली, ती कोराडिनो द'आस्कानियो या विमानें रचणाऱ्या इंजिनियरच्या डोक्यांतून. बसणाऱ्याचे कपडे चिखलानें आणि तेलानें खराब होऊं नयेत, म्हणून त्यानें पुढें पत्र्याची ढाल घातली आणि इंजिन झांकून टाकलें. माझी पहिली स्कूटर 'प्रिया' त्याच वळणाची. १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीनें ती आमच्या साताऱ्यांतच तयार केलेली. माझ्याकडे आली तेव्हां ती दुसऱ्याच्या हाताखालून आलेली होती. तिच्या पत्र्यामागें पाय सुखी असत. छाती मात्र उघडीच राही.

छातीचा आणि डोक्याचा विचार पुढें इतरांनीं केला. जपानांत होंडानें १९९० सालीं 'जायरो कॅनोपी' नांवाची काच आणि छप्पर असलेली तीनचाकी स्कूटर काढली. घरोघर जिन्नस पोंचविणाऱ्या पोऱ्यांना ती फार सोयीची पडली. परंतु ज्या गाडीच्या चित्रावर माझें मन खरोखर बसलें, ती जर्मनीच्या बी.एम्.डब्ल्यू.ची 'सी-वन्'. पुढें मोटारीसारखी काच, डोक्यावर छप्पर, भोंवतीं धातूचा पिंजरा, आणि चालकाच्या दोन्ही खांद्यांवरून आवळलेले पट्टे. पडलाच तर पिंजरा त्याला संभाळील, या भरंवशावर जर्मनींत त्याला हेल्मेटची माफी मिळाली. इंग्लंडांत मिळाली नाहीं. २००० सालीं ती बाजारांत आली आणि २००२ नंतर तिचें उत्पादन थांबलें.

तेव्हां माझी निवड हा हवेंतला किल्ला होता हें उघडच आहे. तरीही हवेंतल्या किल्ल्याची डागडुजी करण्यांत मीं तीन आठवडे मोठ्या आनंदानें घालविले. तिचें वजन सुमारें १८५ किलो. थांबतांना तें दोन पायांवर तोलावयाचें, आणि माझ्या गुडघ्यांचें मत कोणीं विचारलेंच नव्हतें. शिवाय समोरून येणारा वारा काच अडवील. पण आमच्या माळावरचा वारा बाजूनें येतो, आणि त्याच्या दृष्टीनें असा पिंजरा म्हणजे शीड. पट्ट्यांविषयींही मन घेईना. औंध संस्थानांत १९३९ सालीं ज्या गांवाशेजारीं 'स्वतंत्रपूर' ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली, त्या गांवच्या माणसानें आपण होऊन स्वतःस खुर्चीला बांधून घ्यावें, हें कांहीं ठीक दिसत नव्हतें.

गांवांतल्या वेल्डिंगवाल्यानें माझी अडचण ऐकून तोडगा काढला. "सर, पाइप वांकवून देतों, वर रेक्झिन घालूं, पुढें काच. चार दिवसांत गाडी तयार." मोह मोठा होता. परंतु मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें आलें. कारखानदारानें दिलेल्या मूळ घडणींत परवानगीवांचून असा फेरफार करतां येत नाहीं. वर्गांत नियमांवर बोलणाऱ्या माणसानें नियमबाह्य छपराखालून कॉलेजांत शिरावें कसें?

इतक्यांत एका रात्रीं 'सी-वन्'चें चित्र मीं पुन्हा उघडलें, आणि आजवर न पाहिलेली एक गोष्ट मला दिसली. त्या गाडीला मागची बैठक जोडून घेतां येई; पण ती बैठक पिंजऱ्याच्या बाहेर होती. पुढचा मनुष्य काचेमागें, छपराखालीं. मागचा उघड्या हवेंत, डोक्यावर हेल्मेट घालून! त्या चित्राकडे मी किती वेळ पाहत राहिलों कोण जाणे.

कारण माझ्या गाडीवर मागें कोणीतरी बसतें. करगणीच्या फांट्यावर दोन वर्षांपासून एक विद्यार्थी माझी वाट पाहत उभा असतो. घर वाडीवर, तेथून फांट्यापर्यंत तो अंधारांत चालत येतो. अंगांत साधा सदरा, त्यावर वडील भावाचा जुना कोट. त्याच्यासाठीं मी एक जादा हेल्मेट बाळगतों. माझा खोकला घरांत सर्वांना ऐकूं येत होता; पण त्याच्या थंडीचा विचार कोणाच्याही मनांत आला नव्हता. माझ्याही नाहीं. आणि त्याच महिन्यांत मी वर्गांत 'किंग लिअर' शिकवीत होतों! डोक्यावरचें छप्पर गेलें तेव्हां त्या म्हाताऱ्या राजाला बिनछपराच्या माणसांची प्रथम आठवण झाली, हें मी त्या मुलाला फळ्यापुढें उभा राहून समजावून देत होतों. राजाला शहाणपण वादळांत सुचलें. मला तें गाडीचें चित्र पाहतांना सुचलें, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशीं घाट चढतांना मीं त्याला विचारलें, "काय रे, मागें फार थंडी वाजते का?"

तो म्हणाला, "नाही सर. मागं वारं लागतच नाही. तुम्ही हाय की म्होरं."

त्यानें तें सहज म्हटलें; खुशामत त्याच्या स्वभावांत नाहीं. आणि तें खरेंही होतें. पुढें बसणाऱ्याच्या अंगावर वारा फुटतो, आणि मागच्याला आडोसा मिळतो. छपराची गाडी मी गांवोगांव शोधीत होतों, आणि इकडे दोन वर्षें रोज सकाळीं मीच कोणाचें तरी छप्पर होऊन चाललों होतों. आपल्या रिक्षेचें मोठेपण मला त्या क्षणीं कळलें. तिचें छप्पर गळकें असेल, बाजू उघड्या असतील. पण चालकाइतकेंच तें उतारूंच्याही डोक्यावर असतें.

शेवटीं मीं साधीच स्कूटर ठेविली. तिला पुढें उंच काच बसवून घेतली, आणि घोंगडीची एक जाड बंडी शिवली. डॉक्टरांचें समाधान अर्धेंच झालें आहे. सौभाग्यवतींचें तेवढेंही नाहीं. खोकला यंदाही आला, पण चार दिवसांत गेला. त्याचें श्रेय काचेला द्यावें कीं बंडीला, यावर घरांत अद्याप एकमत नाहीं.

तो मुलगा येत्या वर्षीं पदवीधर होईल, आणि मग माझी मागची बैठक रिकामी होईल. तेव्हां तरी छपराचा विचार करा, असें चिरंजीवांचें पत्र आहे. करीन. पण करगणीच्या फांट्यावर पहांटेच्या अंधारांत कोणी उभें नाहीं, असें आजवर एकदांही घडलेलें नाहीं.