जे. जे.च्या आवारात

मुंबईचा माणूस काश्मीर पाहून येतो, रामेश्वर करून येतो, हल्ली तर सिंगापूरलाही जाऊन येतो. पण बोरीबंदराहून क्रॉफर्ड मार्केटकडे चालू लागल्यावर डाव्या हाताला जे जुन्या झाडांनी भरलेले आवार लागते, त्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलेला मुंबईकर शंभरांत एखादाच भेटेल. बोरीबंदराचे आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले, क्रॉफर्ड मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. पण दोहोंच्या मधली ही शाळा दीडशेहून अधिक वर्षे आपल्या जुन्याच नावाने उभी आहे : सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी रीतसर परवानगी काढून दोन दिवस या आवारात हिंडलो. त्या हिंडण्याची ही हकीगत.

नवख्या माणसाला आधी एक सूचना. टॅक्सीवाल्याला नुसते 'जे. जे.' म्हणालात, तर तो तुम्हांला भायखळ्याच्या इस्पितळात नेऊन सोडील. चूक त्याची नाही. इस्पितळ आणि कलाशाळा या दोहोंच्या नावांतला 'जे. जे.' एकच : सर जमशेटजी जीजीभाई. लहानपणीच पोरका झालेला हा पारशी मुलगा रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारापासून चढत चढत चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार करणारा धनाढ्य झाला. मिळवले तेही अफाट, दिले तेही अफाट. १८५३ साली त्यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले. तेव्हाचे एक लाख! त्या पैशावर मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेचा पहिला वर्ग भरला. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरेत बंड पेटले आणि जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे आपली ही शाळा विद्यापीठाहूनही चार महिन्यांनी थोरली!

आता ही शाळा काढली कशासाठी? मोठमोठे चित्रकार निर्माण व्हावेत म्हणून, असे कोणाला वाटेल. तसे नव्हते. १८५१ साली लंडनला जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानी कारागिरांची कापडे, भांडी, कोरीवकाम पाहून युरोपची माणसे थक्क झाली होती. गिरण्यांच्या मालापुढे हे हातकाम टिकायचे कसे, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. हुशार मुलांच्या हाताला वळण द्यावे, त्यांनी चार पैसे मिळवावेत आणि कारागिरीही जगावी, असा त्या देणगीमागचा साधा हिशेब. पोटापाण्याचा प्रश्न या शाळेच्या जन्माबरोबरच जन्माला आला, हे ध्यानात ठेवावे. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

१८६५ च्या सुमारास विलायतेहून तरुण शिक्षक आले आणि शाळेला रंग चढला. जॉन ग्रिफिथ्स रंगकामाकडे, लॉकवुड किपलिंग मूर्तिकामाकडे आणि हिगिन्स नावाचे गृहस्थ लोखंडी नक्षीकामाकडे. वर्गांपेक्षा या कार्यशाळाच अधिक होत्या. गुरूने हातोडा घ्यायचा, शिष्याने छिन्नी धरायची. किपलिंगसाहेबांना ३० डिसेंबर १८६५ रोजी याच आवारात मुलगा झाला. तोच पुढे 'जंगल बुक' लिहिणारा रुडयार्ड किपलिंग. आवारातल्या डीनच्या बंगल्यापाशी त्याचा अर्धपुतळा आहे. बंगला मात्र नंतरचा. ज्या घरात तो जन्मला ते केव्हाच गेले.

मी बंगला पाहिला, पण माझे मन रमले ते रस्त्यापलीकडे. त्या काळी मुंबईत इमारतीमागून इमारती उठत होत्या आणि त्यांना नक्षी हवी होती. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची आणि बाजाराची शिल्पे किपलिंगची. भाजीची पिशवी खाली ठेवून आपण मान वर करून ती कधी पाहिली आहेत का? आणि बोरीबंदर! १८७८ साली काम सुरू होऊन दहाएक वर्षांत उभे राहिलेले ते स्टेशन. त्याचा नकाशा स्टीव्हन्ससाहेबाचा. पण दगडातली पाने-फुले, माकडे, मोर आणि लोखंडी जाळ्या यांचे काम या शाळेच्या पोरांनी केलेले. आठ-बाराची लोकल पकडताना लाखो माणसे ज्या कमानींखालून धावतात, त्या कमानींवर विद्यार्थ्यांचे गृहपाठ कोरलेले आहेत म्हणा ना!

शाळेला स्वतःची इमारत मिळाली तीही १८७८ सालीच. काळसर दगडाची, टोकदार कमानींची. आत शिरलो की बाहेरचा हॉर्नांचा गलका एकदम मागे पडतो. उंच छत, मोठमोठ्या खिडक्या, रंगांचे थर चढून चढून मूळचे लाकूड हरवलेली चित्रफलकांची घोडी. टर्पेंटाइनचा, ओल्या मातीचा आणि कँटीनमधल्या चहाचा मिळून एक वास येतो. एका खोलीत वृद्ध गृहस्थ मॉडेल म्हणून पुतळ्यासारखे बसले होते आणि वीस मुलेमुली त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कागदावर उतरवीत होती. कोणी बोलत नव्हते. वीस पेन्सिलींची खसखस तेवढी ऐकू येत होती.

शाळेच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम मात्र या भिंतींबाहेर झाले. १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत राहिले. त्या चमूत पेस्तनजी बोमनजींसारखे कसलेले चित्रकार होते. अंधाऱ्या लेण्यांत बसून सुमारे तीनशे चित्रे तयार झाली, ती लंडनला गेली आणि १८८५ साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतली शंभराहून अधिक जळून गेली! ग्रिफिथ्सचे दोन खंडांचे पुस्तक मात्र १८९६-९७ साली निघाले. ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला पाहून रेखाटने करणाऱ्या आपल्या मुलांना, घराजवळच केवढा ठेवा आहे, हे त्या तेरा वर्षांनी दाखविले.

मराठी घरांशी या शाळेचे नाते जुने आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १८८५ साली येथे शिकायला आले. त्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा त्यांच्या हाती या शाळेत घोटलेली रेषा होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० च्या जानेवारीत विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे नाव दिले. नाव अगदी हिशेबाने दिलेले. गणपतराव म्हात्रे तर विशीच्या आसपासचे विद्यार्थीच होते, जेव्हा त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडविली : नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाला निघालेली एक मराठी मुलगी. १८९६ साली तिला बॉम्बे आर्ट सोसायटीचे पदक मिळाले आणि खुद्द रवींद्रनाथांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. प्लॅस्टरची ती मूर्ती शाळेने जपली आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. आपल्या आजीच्या लग्नापूर्वीचा फोटो सापडावा, तसे काहीसे वाटले.

आज येथे काय काय शिकवतात, हे ऐकले तर पुष्कळांना नवल वाटेल. रंगकला आणि शिल्पकला तर आहेतच. पण १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने ज्या कार्यशाळा निघाल्या, त्यांतून वाढलेला कलाकारागिरीचा मोठा विभाग आहे. तेथे मातकाम आहे, वस्त्रकाम आहे, धातुकाम आहे, घरांची अंतर्गत सजावट आहे. चाकावर फिरणाऱ्या मातीतून एका मुलीने पाहता पाहता बरणी वर उचलली; ती पाहताना लोणच्याची आठवण झाली, हे कबूल करतो. शाळांसाठी कलाशिक्षक तयार करणारा अभ्यासक्रमही आहे. पदवीला चार वर्षे लागतात आणि पुढे व्यक्तिचित्रण, भित्तिचित्र, मुद्राचित्रण अशा शाखांत पदव्युत्तर शिक्षण घेता येते. जाहिरातकलेचा विभाग १९३५ साली निघाला. १९५८ साली उपयोजित कला आणि वास्तुकला या दोन स्वतंत्र संस्था झाल्या. त्याही याच आवारात, शेजारी शेजारी. २०२३ साली या तिन्ही भावंडांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या झाडाखाली कोकणातले एक गृहस्थ भेटले. सोबत मुलगी; तिच्या काखेत तिच्याहून मोठी काळी फाइल. मुलगी चौकशी करायला आत गेली, तसे ते माझ्याजवळ सरकले.

"अहो, तुम्ही इथलेच का?"

मी नाही म्हणालो.

"मग खरे सांगाल. एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएट झाली, दोन्हींना ए ग्रेड. दहावीला वाढीव गुण मिळाले तेव्हा पेढे वाटले आम्ही. आता म्हणते, हेच शिकायचे. पण चित्रे काढून पोट भरते का हो?"

मी त्यांना समोरचे स्टेशन दाखविले, म्हात्र्यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या भानू अथय्या येथेच शिकल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या, हेही सांगितले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ती मोठी माणसे झाली," ते म्हणाले. "आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताच्या मास्तरांकडे आहे. मुलगी आमची भानू नाही झाली, तर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आणि खोटा धीर देणे बरे नव्हे. येथून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचे नाव झाले, असे नाही. उलट नाव झालेल्या सगळ्यांना येथे थारा मिळाला, असेही नाही. आर. के. लक्ष्मण यांना या शाळेने प्रवेश नाकारला होता आणि फ्रान्सिस न्यूटन सूझांना १९४५ साली काढून टाकले होते. दोघांचेही कोणावाचून अडले नाही. पण सामान्य कुवतीच्या, मेहनती मुलांचे काय?

मला वाटते, उत्तर त्या पहिल्या हिशेबातच आहे. ही शाळा थोर कलावंतांसाठी काढलेली नव्हती. हाताला वळण असलेल्या साध्या मुलांसाठी काढलेली होती. बोरीबंदरावरची पाने ज्यांनी कोरली, त्यांची नावे आपल्याला कोठे ठाऊक आहेत? तरी त्यांना रोजगार मिळाला आणि आपल्याला स्टेशन मिळाले. आपण नेसतो त्या लुगड्याच्या काठाला, चहाच्या कपाला, औषधाच्या खोक्याला, मुलांच्या धड्यातल्या चित्राला आणि हो, आपल्या हातातल्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठालाही कोणीतरी आकार दिलेला असतो. तो कोणीतरी कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी असतो. पेढे वाटायला आपण तयार असतो. चित्रकलेच्या तासाला शिक्षक नेमा म्हणून शाळेत जाऊन सांगायला मात्र आपल्यातले फारसे कोणी जात नाही. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर शाळेने द्यायचे, अर्धे आपण सगळ्यांनी.

मी हे सारे त्यांना सांगितले की नाही, आठवत नाही; बहुधा निम्मेच सांगितले. तेवढ्यात मुलगी परत आली.

"बाबा, आत मातीची भट्टी आहे! चला ना, दाखवतात बघायला."

गृहस्थांनी तिच्या काखेतली फाइल आपल्याकडे घेतली आणि तिच्यामागून निघाले.

या शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन भरते. तिकीट काढून सर्कस दाखवतो तितक्याच हौसेने मुलांना एकदा तेथे न्यावे. जाताना बोरीबंदराला उतरावे, गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबावे आणि मान वर करून मुलांना विचारावे, "यात माकड कुठे आहे, सांग बरे?" त्यांना ते आपल्याआधी सापडेल.