छातीतला आवाज



मंदिराच्या ओट्यावर एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, डॉक्टर म्हणाले मुलीच्या छातीत आवाज येतोय. यंदा स्थळं बघायची आहेत. कुणाला सांगू नको ना?"

लोकांचं नंतर बघू, आधी आवाजाचं बघू.

आपण ज्याला लब-डब म्हणतो तो हृदयातल्या झडपा मिटण्याचा आवाज. रक्त वाहताना एरवी ऐकू येत नाही. पण दोन ठोक्यांच्या मध्ये सूं-सूं असं काही ऐकू आलं की डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. आपल्याकडे बंधारा सगळ्यांनी पाहिलाय. बरगे नीट बसले असतील तर पाणी मुकाट अडतं, एखाद्याशी फट राहिली की तिथून आवाज करत निसटतं. झडप गळत असली किंवा अरुंद झाली असली तर हृदयात हेच होतं. पण पावसाळ्यात बरगे काढलेले असतात तरी नदी गर्जतेच. तेव्हा बंधाऱ्यात खोट नसते, पाण्यालाच जोर असतो. ताप आला, रक्त कमी झालं, थायरॉइड वाढलं, दिवस राहिले की रक्त जोरात धावतं आणि चांगल्या हृदयातूनही आवाज येतो. कितीतरी निरोगी मुलांतही तो असतो, उठता-बसता कमी-जास्त होतो आणि वाढत्या वयात जातो. त्याला औषध नाही, पथ्य नाही, खेळायला बंदी नाही.

कुठला आवाज कसला, ते टूडी इको सांगतो. सोनोग्राफीसारखाच असतो, सुई नाही, दुखत नाही.

माझ्या नणंदेच्या मुलीचा आवाज शाळेच्या तपासणीत सापडला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं होतं. (ही योजना 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाली. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी त्यात फुकट होते. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका.) सीपीआरला इको केला, तर एक झडप थोडी गळत होती. डॉक्टरांनी विचारलं, कधी घसा धरून नंतर सांधे सुजले होते का? नणंदेला आठवलं. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता, आज गुडघा तर उद्या घोटा दुखायचा. वाढीचं दुखणं म्हणून तेल चोळलं होतं. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूमुळे येतो, सांध्यांवरून निघून जातो, झडपेवर मात्र खूण ठेवतो. परत परत आला तर झडप आणखी बिघडते, म्हणून तिला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, कित्येक वर्षं. पोरगी रडली नाही. आजी मात्र णमोकार म्हणत बसली आणि उठल्यावर म्हणाली, "हे घराबाहेर जायचं नाही."

मला हे पटत नाही. लपवलेली मुलगी सासरी गेली की आधी इंजेक्शन चुकतं, कारण कारण सांगायचं कुणाला? मग दिवस राहतात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. झडप अरुंद असली तर तेवढा भार तिला सोसत नाही, धाप लागते, आडवं झोपवत नाही, आणि सासरी सगळे म्हणतात, पहिलटकरीण आहे, होतं असं. आधी माहीत असलं तर डॉक्टर कितीतरी करू शकतात. जे घर इकोचा कागद बघून मागे फिरतं ते फिरू दे.

लाजेचंही तेच. मुली छाती तपासू देत नाहीत. स्टेथोस्कोप निघाला तोच या संकोचातून. 1816 साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं बरं वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली. आवाज जास्तच स्पष्ट आला!

घरी लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर. अंगावर पिणारं बाळ मध्येच दमतं, कपाळावर घाम येतो, वजन भरत नाही, ओठ निळसर होतात. मोठ्यांना जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप, पायावर सूज, चक्कर येऊन पडणं. यातलं काही असेल तर थांबू नका.

आता दशलक्षण पर्व येतंय, म्हणून उपवासाचं. झडपेचा आजार असेल, औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका. जमत नसेल त्याने एकाशन करावं, स्वाध्याय करावा. शक्तीप्रमाणे तप हे आपल्याच धर्मात सांगितलंय. सूर्यास्तानंतर गोळी घ्यायची नसेल तर तसं आधीच सांगा, बऱ्याच गोळ्यांच्या वेळा दिवसा बसवता येतात. स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. आणि रक्त कमी म्हणून आवाज येत असेल तर पर्वाच्या आधीपासून लोहाच्या गोळ्या, नाचणी, गूळ, मोडाची कडधान्यं, वर लिंबू. चहा मात्र जेवणाला लागून नको.

नणंदेच्या मुलीचं पुढचं इंजेक्शन बरोबर सुगंध दशमीला येतंय. सकाळी अभिषेक करून मग दवाखान्यात जायचं ठरलंय, आजीच घेऊन जाणार आहे.